पहिल्या दिवशी जायचं नसतं

माझ्या धाकट्या भावाला पोलिसांनी नेलं, तेव्हा आमचे आबा गोठ्यात शेण भरत होते. बातमी ऐकली आणि पाटी भरतच राहिले. हे आईनं मला फोनवर सांगितलं आणि माझं डोकं जे फिरलं, ते पुढं कित्येक महिने ताळ्यावर आलं नाही. मी मार्गासनीला, सासरी. माहेर वर डोंगरात. पाच-सहा घरांची वाडी, एसटी जात नाही, पावसाळ्यात टेम्पोसुद्धा चढत नाही. म्हशी, शेरडं, आणि मोबाईलला रेंज पाहिजे तर एका ठराविक खडकावर जाऊन उभं राहायचं. आई त्या खडकावरनंच बोलत होती. वाऱ्यानं तिचं अर्धं बोलणं जात होतं, पण "पोलीस" एवढं नीट ऐकू आलं. मी घरी शिवणकाम करते. त्या वेळी एका बाईचा ब्लाउज कापायला घेतला होता, तो पार वाकडा कापला गेला.

झालं होतं ते असं. भाऊ तेव्हा सतरा वर्षांचा. भोरच्या कॉलेजात बारावीला नाव घातलेलं, पण वर्गापेक्षा स्टँडवर जास्त. त्याच्या जोडीला खालच्या गावातला एक पोरगा होता, एकोणीस वर्षांचा, गाडी उडवणारा. रविवारी दोघं गडाच्या पायथ्याला, पालीला गेले. गड चढायला येणारी शहरातली माणसं तिथं गाड्या लावून जातात. एका गाडीत मागच्या सीटवर बॅग दिसली. त्या मोठ्या पोरानं काच फोडली. गाडीवाल्याचा गुडघा दुखायला लागला म्हणून तो अर्ध्या वाटेतनं परतला होता, त्यानं मोठ्याची गचांडी धरली. मोठ्यानं त्याच्या डोक्यात दगड घातला. आणि माझा भाऊ बॅग घेऊन पळाला. संध्याकाळच्या आत दोघं सापडले.

माझा भाऊ म्हणून मी त्याला धुतल्या तांदळासारखा म्हणणार नाही. बॅग त्यानं उचलली. एका माणसाच्या डोक्यातनं रक्त येताना बघितलं आणि तरी पळाला. त्या माणसाला टाके पडले. मी त्याची बायको असते तर या दोघांना भर रस्त्यात बडवलं असतं. पण मी त्याची बायको नव्हते, मी याची बहीण होते, आणि सोमवारी सकाळी पुण्याला बाल न्याय मंडळापुढं त्याला उभं करणार, आई-वडिलांपैकी कुणीतरी या, असा पोलिसांचा निरोप वाडीवर पोचला होता.

"आबा जातील ना गं?" मी आईला विचारलं.

"जातील," आई म्हणाली.

आबा गेले नाहीत. मी सोमवारी दिवसभर मशीनपाशी बसायचे, उठायचे, दारात जायचे, पुन्हा बसायचे. सासूबाई म्हणाल्या, अगं, पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या? तिसऱ्या प्रहरी फोन लागला आणि कळलं की आबा गुरं घेऊन माळावर गेलेत. म्हणाले होते, "आज न्हाई जायाचं. माणसं तापलेली असत्यात. उंद्या-परवा बघू."

हे का, ते सांगायला पाहिजे, नाहीतर आमचे आबा दगडी काळजाचे वाटतील. तसे ते नाहीत. आमचं सगळं आयुष्य जनावरांमागं गेलेलं. एखादी म्हैस खाली कुणाच्या भातात शिरली की लोक तिला हाकत नेऊन कोंडवाड्यात घालायचे. आता कोंडवाडा नावापुरता उरलाय, पण आबांच्या डोक्यात तो अजून तसाच चालू आहे. म्हैस कोंडली की मालकानं त्याच दिवशी धावत जायचं नसतं. ज्याचं पीक खाल्लं त्याचा राग ताजा असतो, समोर गेलं की शब्दाला शब्द वाढतो, दंडही वाढतो. एक दिवस जाऊ द्यायचा. मग खाली मान घालून जायचं, बोलणी खायची, दंड भरायचा, दावं धरून म्हैस घरी आणायची. आणली की विषय संपला. पुन्हा तो विषय कुणी काढायचा नाही, ना पीकवाल्यानं, ना मालकानं. काढला तर तो असभ्यपणा. आबांनी पोराच्या बाबतीत तेच केलं. रीतीला धरून वागले बिचारे.

पण मंडळापुढं सोमवारी विचारलं गेलं, मुलाच्या घरचं कोण आलंय? कुणीच उभं राहिलं नाही. मग त्याला पोरांच्या निरीक्षणगृहात ठेवलं, येरवड्याला. आणि तो मोठा पोरगा आधी पोलीस कोठडीत, मग कारागृहात, तोही येरवड्याला. झालं. मार्गासनीपासून वेल्ह्यापर्यंत एकच बोलणं, दोघं येरवड्याच्या जेलात गेले. एक जण तर मला म्हणाला, जेलात गेला की वेड्यांच्या दवाखान्यात? येरवड्याला दोन्ही आहे म्हणून. मी त्याला जे काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मी चालत वर गेले. आबा शेरडांना पाला टाकत होते. मी म्हणाले, "आबा, तुमचं पोरगं म्हैस हाय का? तिथं एकलं उभं ऱ्हायलं ते. कुणी न्हाई आलं म्हणून आत ठिवलंय त्याला."

"वरडू नको. शेरडं बुजत्यात."

"बुजू द्या!"

आबांनी पाला टाकून संपवला, हात धुतले, धुवट धोतर काढून नेसलं. त्यांना यायचंच होतं, फक्त त्यांच्या हिशोबानं यायचं होतं, हे मला तेव्हाही दिसत होतं आणि म्हणूनच जास्त चीड येत होती. तरी मधे आणखी दिवस गेले. कधी आबांना जामिनाला माणूस मिळेना, कधी मंडळ बसायचा वार नव्हता. आमचे हे कापूरहोळला पंक्चरचं दुकान चालवतात. ते दुकान बंद ठेवून आमच्याबरोबर आले. शेवटी एकदाचे आम्ही पुण्यात त्या इमारतीत पोचलो.

तिथं मुलांचं बघणाऱ्या एक बाई होत्या. घरची माहिती विचारायची, मुलाशी बोलायचं, मंडळाला सांगायचं, हे त्यांचं काम. त्यांनी आबांना पहिलाच प्रश्न केला, "सोमवारी का नाही आलात?"

आबांनी सगळं सांगितलं. म्हैस, भात, कोंडवाडा, तापलेला माणूस. अगदी समजावून, कारण त्यांना वाटलं, शहरातल्या बाईला हे कुठं ठाऊक असणार. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाई हसल्या नाहीत.

"बाबा," त्या म्हणाल्या, "कोंडवाड्यात दंड भरला की संपतं. इथं अजून काही ठरलेलंच नाही. त्यानं काय केलं, किती केलं, याची चौकशी व्हायचीय. तोवर तो आमच्या ताब्यात आहे. ही शिक्षा नाही. लहान मुलांना पोलीस कोठडीत ठेवत नाहीत, तुरुंगात तर नाहीच नाही. तुरुंग म्हणजे गुन्हा शाबीत झाल्यावर भोगायची शिक्षा. तो दुसरा मुलगा कारागृहात आहे, पण तोही अजून कच्चा कैदीच आहे. त्याचाही निकाल लागलेला नाही."

मग आबांनी जे विचारलं ते मला जन्मात सुचलं नसतं.

"ठरल्यालं न्हाई, तर मग कोंडलाय कशापाई?"

बाईंनी चष्मा काढला. "कारण न्यायला कुणी आलं नाही."

आबांनी मान खाली घातली ती घातलीच. मला त्यांची दया आली आणि बरंही वाटलं, दोन्ही एकाच वेळी.

त्या दिवशी जामीन झाला. आबांनी लिहून दिलं की मुलाला सांभाळीन आणि प्रत्येक तारखेला हजर करीन. भाऊ बाहेर आला तेव्हा त्याचे केस बारीक कापलेले होते आणि तो भिंतीच्या कडेकडेनं चालत होता. मी त्याला एक चापट मारणार होते, ठरवूनच आले होते, पण हात उचलला गेला नाही.

परतीच्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला. आबा पुढच्या सीटवर. मी विचारलं, मारलं का रे कुणी? म्हणाला, नाही. साध्या कपड्यातल्या पोलिसानं नेलं, बेड्या घातल्या नाहीत. आत जेवण मिळतं, टीव्ही आहे, कॅरम आहे, शिकवायलाही येतात. मोठी पोरं जरा दटावून बोलतात. "पण ताई, दार बाहेरनं लावत्यात," एवढंच म्हणाला. नसरापूर गेल्यावर पुन्हा बोलला. "पहिल्या दिशी पोरांनी इचारलं, तुझं कोण न्हाई का? म्या म्हणलं, आमचे आबा पहिल्या दिशी येत न्हाईत, उंद्या येत्यात. मंग दुसऱ्या दिशी सकाळीच अंथरूण घडी करून बसलो."

"मग?"

"मग काय. सांच्याला परत पसारलं. तिसऱ्या दिशी बी बसलो घडी करून. मग पोरं हसाया लागली."

आबा खिडकीतनं बाहेर बघत होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला तेव्हा कळलं नाही.

आता कुणालाही वाटेल की आबा शहाणे झाले असतील. कसलं काय. त्यांनी भावाला वर नेलं, म्हशीमागं लावलं, आणि रीतीप्रमाणं विषय बंद केला. तिथं काय झालं, कसा राहिलास, एक शब्द विचारला नाही. त्यांच्या मते ते पोराची लाज राखत होते. पोराला वाटलं, आबा रागावलेत, तोंड बघत नाहीत. दोघं एका गोठ्यात दिवसभर, आणि मधे नुसता रवंथ चाललेला म्हशींचा. पुढची तारीख आली. मी इकडनं खडकाच्या रेंजला फोन लावून लावून थकले. आबा म्हणाले होते आईला, "सुटलाय की त्यो. सोडलेल्या जनावराला परत कोंडवाडा दाखवाया न्हेत्यात व्हय?"

तारीख चुकली. पोलीस वर चढून आले, भावाला आणि आबांना घेऊन गेले, आणि या वेळी मीही पहिली गाडी पकडून पोचले. मंडळाच्या न्यायाधीश मॅडम आबांना म्हणाल्या, तुम्ही लिहून दिलं होतंत, आता कोणत्या भरवशावर मुलगा तुमच्याकडं देऊ? आबा हात जोडून उभे. डोंगरात पाचशे हातांवरच्या म्हशीला हाक देणारा माणूस, त्याचा आवाज त्या खोलीत कुठं गेला देव जाणे. मॅडमनी कागद उलटला आणि मला दिसलं की पोरगं पुन्हा आत जाणार.

"माझ्याकडं द्या," मी म्हणाले. "मी बहीण. माझ्या दारात एसटी थांबते. तारीख चुकली तर मला आत घाला."

घरी सासूबाईंना विचारलेलं नव्हतं, यांना विचारलेलं नव्हतं. बोलून गेले. भावाला माझ्या ताब्यात दिलं. बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "बरं केलंस," आणि स्वारगेटला जाईपर्यंत आमच्यापासून दहा पावलं मागं चालत राहिले. मला जिंकल्यासारखं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. आता वाटतं, एका बापाच्या समोर त्याचं पोर दुसऱ्याच्या हाती दिलं, आणि ते दुसरं मी होते.

मग तारखा सुरू झाल्या. तारखेच्या आदल्या दिवशी भाऊ शर्ट धुवायचा, तोच एक पांढरा, आणि सकाळी एसटी यायच्या कितीतरी आधी थांब्यावर जाऊन उभा राहायचा. कधी साक्षीदार यायचा नाही, कधी कागद यायचे नाहीत. आम्ही व्हरांड्यात बसायचो. शिपाई दारात येऊन एकेका पोराचं नाव पुकारायचा. याचं नाव आलं की हा दचकून उभा राहायचा, आणि कधीकधी दुसऱ्याचं आलं तरी उभा राहायचा. घरी त्याला झोप लागेना. कुणी कडी वाजवली की उठून बसायचा. मी म्हणायचे, झोप रे बाबा. म्हणायचा, झोपतो. आणि छताकडं बघत पडायचा. मलाही मग झोप लागेना. माझ्या हातनं त्या काळात जेवढे कपडे बिघडले तेवढे शिकतानाही बिघडले नव्हते.

एकदा थांब्यावर त्या मोठ्या पोराची आई भेटली. पोराच्या मुलाखतीला निघाली होती, कारागृहात. तिनं माझ्या भावाकडं पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"तुझा हितं एसटीत बसतोय," ती मला म्हणाली, "माझा काचंच्या पलीकडं. काम तर दोघांनी मिळूनच केलं ना गं?"

मी म्हणाले, "मावशी, दगड तुमच्या पोरानं घातला."

"आन बॅग?"

मला उत्तर देता आलं असतं. वय सांगता आलं असतं, कायदा सांगता आला असता, आता मला तो पाठ झाला होता. पण तिचं पोरगं माझ्या भावापेक्षा दोन वर्षांनीच मोठं, गेल्या दिवाळीला माझ्याच दारात बसून त्यानं चकल्या खाल्लेल्या. एसटी आली तेव्हा ती मागच्या दारानं चढली, आम्ही पुढच्या. त्यानंतर ती माझ्याशी बोलत नाही.

शेवटी निकाल लागला. भावाचा हात होता हे ठरलं. पण मंडळानं त्याला विशेष गृहात, म्हणजे दोषी ठरलेल्या पोरांना ठेवतात तिथं, पाठवलं नाही. समज दिली, त्या जखमी माणसाची माफी मागायला लावली, गावातल्या शाळेच्या आवारात काही दिवस काम करायला लावलं, आणि मग घरी पाठवलं. मॅडम त्याला म्हणाल्या, हे तुझ्या आयुष्याला चिकटणार नाही, कुणी विचारलं तरी सांगायची गरज नाही, आता पुन्हा यायचं नाही. मी व्हरांड्यात येऊन रडले. भाऊ मान हलवत राहिला. मी रस्त्यात तीनदा सांगितलं, संपलं रे, आता खरंच संपलं. म्हणाला, हां.

त्याला कापूरहोळला यांच्या ओळखीनं एका गॅरेजमध्ये लावून दिलं. हात काळे करून यायचा, जेवायचा, पडायचा. झोप नाहीच. मी म्हटलं, होईल हळूहळू.

महिना गेला असेल. सकाळी मी पाणी तापवत होते. बघते तर हा पांढरा शर्ट घालून दारातनं निघालेला. म्हटलं गॅरेजला आज एवढा नटून? तो थांब्यावर जाऊन उभा राहिला. मी ओल्या हातानं मागनं पळत गेले.

"कुठं निघालास?"

"तारीख हाय."

"कसली तारीख? संपलं ना सगळं?"

"न्हाई ताई, आसतीया. मला ठाव हाय. न्हाई गेलो तर पोलीस वर येत्यात."

माझा संताप संताप झाला. थांब्यावर चार माणसं उभी. मी त्याचा दंड धरून ओढला, म्हणाले, वेडा झालास का, चल घरी, लोक बघतायत. तो जागचा हलेना. जोर केला नाही, रागावला नाही, नुसता पाय रोवून उभा, आणि डोळे एसटी येते त्या वळणावर.

तेवढ्यात आबा आले. म्हशीच्या औषधासाठी वाडीवरनं पहाटेच निघून खाली उतरले होते. मी त्यांना सगळं एका दमात सांगितलं. म्हटलं, तुमीच सांगा आता याला, संपलंय म्हणून. आबांनी त्याच्याकडं बघितलं. शर्टाकडं बघितलं. औषधाची रिकामी बाटली माझ्या हातात दिली.

"आज तारीख हाय म्हंतोस?"

"व्हय आबा."

"मग चल. म्या येतो."

एसटी आली, दोघं चढले, मी बाटली घेऊन रस्त्यात उभी. मनात आबांना इतक्या शिव्या दिल्या! वाटलं, एक वेडा होता, आता दोन झाले. दिवसभर माझं मशीन चाललं नाही. यांना दुकानावर चार वेळा फोन केला, हे म्हणाले, अगं बाप आहे बरोबर. तेच तर म्हणते मी, म्हटलं.

दिवेलागणीला दोघं आले. भाऊ आत येऊन भिंतीला टेकून बसला. मी आबांना दारातच धरलं. काय केलं तिथं? हाकललं ना?

"न्हाई. बसलो की आमी. त्या बाई भेटल्या, म्हणल्या आज कशापाई आलाय. म्या म्हणलं, बसू द्या, कुणाला तरास न्हाई आमचा." आबांनी पायताण काढलं. "शिपाई यायचा, नाव घ्यायचा, पोरं आत जायाची. हा परत्येक नावाला उठाया बघायचा. म्या गुडघ्यावर हात ठिवायचो. दुपार झाली, भाकरी खाल्ली, परत बसलो. सगळी पोरं संपली. शिपायानं दार वढून घेतलं, कुलूप लावलं. याचं नाव कुणी न्हाई घेतलं. त्यानं सोताच्या कानानं ऐकलं."

"अहो पण ते मी सांगतच होते ना महिनाभर."

"तू सांगून व्हनार न्हवतं बाय. म्या सांगून तर न्हाईच न्हाई."

मी ताट वाढून आत नेलं. भाऊ तसाच भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून झोपला होता. मी हाक मारणार, तर आबांनी हातानंच थांबवलं आणि त्याच्या पायाशी खाली बसले.